पाचवा दिवस

विवाह ठरलेल्या तरुण-तरुणींसाठी आमच्या धर्मग्रामात मार्गदर्शन शिबिर भरते. अशा शिबिरांतील एक तास मी गेली पंचवीस वर्षे, ज्या ज्या धर्मग्रामात नेमणूक झाली तिथे तिथे, घेत आलो आहे. विषय ठरलेला : मानवी जीवनाचे पावित्र्य. वाक्येही ठरलेली. 'गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून मानवी जीवन पवित्र आहे,' हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. त्या पहिल्या क्षणानंतर दुसऱ्या क्षणी काय होते, पहिल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी काय होते, हे मात्र मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, लॅटिन आणि ग्रीकची तोंडओळख करून दिली, नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचून घेतले. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकाच्या आकृतीबरोबरच संपला होता.

मागच्या वर्षीच्या एका शिबिरात शरीरशास्त्रावर बोलणारे डॉक्टर ऐनवेळी येऊ शकले नाहीत. तेव्हा मी धर्मग्रामातीलच एका बाईंना विनंती केली. त्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवतात. बाई आल्या, त्यांनी खडू मागितला आणि फळ्यावर एक वर्तुळ काढले. वर्तुळाच्या आत, एका कडेला चिकटलेला, ठिपक्यांचा लहानसा पुंजका काढला.

"हा पाचवा दिवस," त्या म्हणाल्या. "आपण सगळे असेच होतो. तुम्ही, मी, फादरसुद्धा."

मुले हसली. शेवटच्या बाकावर बसून मीही हसलो. आपल्याकडे शेजारच्या हिंदू घरांत बाळ जन्मल्यावर पाचवी पूजतात, सटवाई कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. ही पाचवी त्याच्या कितीतरी आधीची, आणि तिचा पाट मांडायला घरात कोणाला अजून पत्ताही नसतो.

त्या तासाला मी जे ऐकले आणि नंतर बाईंकडून पुस्तके मागून जे वाचले ते इथे थोडक्यात सांगतो. कोंबडीच्या अंड्यात पिल्लासाठी भरपूर शिदोरी बांधून दिलेली असते. पिवळा बलक म्हणजे तीच शिदोरी. सस्तन प्राण्याचे अंडे मात्र जवळजवळ रिकाम्या हाताने निघते. माणसाचे अंडे मिलिमीटरच्या एक दशांशाएवढे, कागदावर टोकदार पेन्सिल टेकवली तर उमटेल तेवढे. गर्भाशयाकडे जाणाऱ्या नलिकेत त्याचे फलन होते आणि साधारण तीस तासांनी त्याच्या दोन पेशी होतात. तिसऱ्या दिवशी आठ. गंमत अशी की या विभागण्यांत आकार मुळीच वाढत नाही. एका भाकरीचे दोन तुकडे करावेत, दोनाचे चार करावेत, तसे ते चालते. मग आतापर्यंत गोट्यांसारख्या सुट्या दिसणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात, इतक्या की त्यांच्या कडा दिसेनाशा होतात. या अवस्थेला 'मोरुला' म्हणतात. लॅटिनमध्ये 'मोरुम' म्हणजे तुतीचे फळ, म्हणून 'मोरुला' म्हणजे इवलीशी तुती. नाव ठेवणाऱ्याने केव्हातरी तुती खाल्ली असणार.

त्यानंतर बाहेरच्या बाजूच्या पेशी आत पाणी ओढू लागतात. भरीव गोळा पोकळ होतो आणि थोड्याशा पेशी आतल्या एका कडेला गोळा होऊन राहतात. हीच ती पाचव्या दिवसाची अवस्था, ब्लास्टोसिस्ट. ग्रीकमध्ये 'ब्लास्तोस' म्हणजे अंकुर आणि 'किस्तिस' म्हणजे पिशवी. हा शब्द वाचल्यावर मी कपाटातून ग्रीक नवा करार काढला. संत मार्कच्या चौथ्या अध्यायात बी पेरून झोपी जाणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला आहे. तो रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते ते त्याला कळत नाही. तिथे रुजण्यासाठी योजलेले क्रियापद याच धातूचे आहे. या दाखल्यावर मी निदान पंधरा प्रवचने दिली असतील.

परंतु मला खरोखर थांबवले ते एका आकड्याने. अमेरिकेत आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक यांनी १९५६ साली आपल्या निरीक्षणांचा अहवाल प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेने काढाव्या लागलेल्या गर्भाशयांत त्यांना अगदी सुरुवातीचे मानवी गर्भ आढळले होते. (हे वाचताना मन अस्वस्थ होते, ते लपवत नाही.) त्यांतील एका ब्लास्टोसिस्टच्या पेशी त्यांनी मोजल्या. त्या भरल्या १०७. पैकी ज्यांच्यापासून बाळाचे शरीर घडायचे अशा, आतल्या पुंजक्यातील, केवळ आठ. उरलेल्या नव्व्याण्णव बाहेरच्या.

नव्व्याण्णव हा आकडा आपल्याला हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातून ठाऊक आहे, आणि तिथे त्या बिचाऱ्या नव्व्याण्णवांकडे कोणी पाहत नाही. या नव्व्याण्णव पेशी काय करतात? त्या बाळ होत नाहीत. त्या बाळाला आईशी जोडतात. गर्भाच्या आयुष्यातील पहिली श्रमविभागणी हीच. हृदय कोण होणार, मेंदू कोण होणार, हा प्रश्न पुढचा. पहिला प्रश्न, आईला धरून कोण राहणार, हा. शिदोरी नसलेल्या जिवाने दुसरे काय करावे? पोलंडचे आन्द्रेय तार्कोव्स्की आणि त्यांच्या सहकारी व्रुब्लेव्स्का यांनी १९६७ साली उंदरांच्या गर्भांवरून असे मांडले की कोणत्या पेशीने काय व्हायचे ते तिच्या जागेवरून ठरते. जी आत सापडली ती बाळाची, जी बाहेर राहिली ती वेष्टनाची. पुढील संशोधनाने यात पुष्कळ भर घातली, परंतु तो मूळ विचार अजून टिकून आहे.

सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भ आपले पारदर्शक कवच फोडून बाहेर येतो. या कवचामुळेच तो वाटेत नलिकेला चिकटत नाही. मग तो गर्भाशयाच्या अस्तराला टेकतो आणि हळूहळू त्यात रुजतो. रुजता रुजता त्या बाहेरच्या पेशी एक द्रव्य आईच्या रक्तात सोडतात. त्या द्रव्याचा निरोप एवढाच, की यंदाची पाळी येऊ देऊ नकोस. घरच्या घरी करायच्या तपासणीत जी दुसरी रेघ उमटते ती याच द्रव्याची.

पुढे याच बाहेरच्या पेशींपासून वारेचा मोठा भाग तयार होतो. वार म्हटल्यावर मला आमचा गोठा आठवला. माझ्या लहानपणी घरी दोन म्हशी होत्या. म्हैस व्याली की आम्ही मुले रेडकाभोवती नाचायचो. बाबा मात्र कंदील घेऊन पहाटेपर्यंत गोठ्यात बसून राहत, वार पडेपर्यंत. म्हशीने ती खाऊ नये म्हणून ते लगेच उचलत आणि माडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरत. पुरताना डोक्यावरची टोपी काढत. आम्हांला त्याचे हसू यायचे. एकदा मी विचारले, तर म्हणाले, "नऊ-दहा महिने राबली रे ती." ते रेडकाविषयी बोलत नव्हते, म्हशीविषयीही नाही, हे मला आता कळते.

शिबिराचा तास संपल्यावर बाई चहाला थांबल्या. मी म्हणालो, "बाई, पंचवीस वर्षं मी हा तास घेतोय. त्या बाहेरच्या पेशींचं मला काही माहीतच नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "फादर, तुम्हांला आठवत नसेल. तुम्ही इथे साहाय्यक धर्मगुरू होता, २००२ साली. मी तुमच्याकडे आले होते."

मला खरोखरच आठवत नव्हते.

त्यांच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षे झाली होती. पाळी नऊ दिवस लांबली, घरी तपासणी केली, दोन रेघा आल्या. तीन दिवस त्या आणि त्यांचे यजमान कोणाशी काही न बोलता आनंदात राहिले. चौथ्या दिवशी रक्त गेले. डॉक्टर म्हणाले, पाळी उशिरा आली असे समजा. त्या रविवारी संध्याकाळी त्या चर्चमध्ये आल्या आणि मला विचारले, "फादर, या बाळासाठी मिस्सा ठेवता येईल का? नाव काय लावायचं?"

"मग मी काय म्हणालो?" मी विचारले. उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

"तुम्ही म्हणालात, अजून तिथं काही नव्हतंच, एवढं मनाला लावून घेऊ नका, देव दुसरं देईल." मग माझ्याकडे पाहून त्यांनीच घाईने पुस्ती जोडली, "तुम्ही गडबडीत होता फादर. फुटबॉलची मुलं बाहेर खोळंबली होती."

देवाने दुसरे दिले. दोन मुले आहेत त्यांना, मोठा आता नोकरीला लागला आहे. म्हणजे माझे भाकीत खरे ठरले म्हणायचे.

"मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठीच," बाई पुढे म्हणाल्या, "की काय होतं ते मला माहीत होतं. मी शिकवते ना. त्या दोन रेघा कोणी काढल्या ते मला माहीत होतं. आणि तुम्ही प्रवचनात सांगत होता तेही मी ऐकलं होतं."

यावर मला काही उत्तर नव्हते, आजही नाही. व्यासपीठावरून मी 'पहिल्या क्षणापासून' म्हणत होतो आणि दाराशी आलेल्या आईला 'काही नव्हतंच' म्हणत होतो. दोन्ही वाक्ये बहुधा एकाच आठवड्यात. पहिले शिकून घेतलेले होते, दुसरे आपसूक आले. माणसाचा विश्वास कोणता मानावा, शिकलेल्या वाक्यातला की आपसूक आलेल्या? हा प्रश्न घेऊन मी बरेच दिवस फिरलो.

त्या दिवसांत वाचताना मला एक सोबती भेटला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे हे इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे वैद्य होते. राजाला हरणांच्या शिकारीचा नाद. गर्भ कसा धरतो हे पाहण्यासाठी हार्वे यांनी विणीच्या हंगामानंतर मारलेल्या कित्येक हरिणींची गर्भाशये उघडून पाहिली. समागमानंतर कित्येक आठवडे त्यांना आत काहीच सापडले नाही. आपला अनुभव त्यांनी १६५१ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्याइतका चिकाटीचा निरीक्षक त्या शतकात दुसरा नसेल, आणि तरीही त्यांनी पाहिले आणि म्हटले, काही नाही. होते, पण इतके लहान, इतके नाजूक, की उघड्या डोळ्यांना ते अस्तरापासून वेगळे ओळखू येऊ नये. गाय-हरणांच्या कुळात ब्लास्टोसिस्ट माणसाच्यासारखा लगेच अस्तरात शिरत नाही. तो आधी लांब होत होत धाग्यासारखा पातळ होतो. गायीत तर तो टेकण्यापूर्वी वीतभर लांबीला पोहोचतो. आमच्या म्हशींच्या पोटातही तोच धागा असणार. युरोपातील 'रो' नावाच्या लहान हरणाची तऱ्हा आणखी निराळी. १८५४ साली थिओडोर बिशॉफ यांनी दाखवून दिले की उन्हाळ्यात धरलेला त्याचा गर्भ ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेत येऊन थबकतो आणि चार-पाच महिने तसाच, न रुजता, वाट पाहत राहतो. पाडस वसंतात, चारा असताना जन्मावे म्हणून. रिकामे वाटणारे पोट कित्येक महिने रिकामे नसते.

सस्तन प्राण्याचे अंडे पहिल्यांदा नीट पाहिले ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी, एका कुत्रीच्या पोटात, १८२७ साली. त्यांनी हा शोध लॅटिनमध्ये लिहिला आहे. माझे मोडके लॅटिन या निमित्ताने एकदा तरी कामी आले.

संत थॉमस अक्वायनस यांना यांतले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. ॲरिस्टॉटलला अनुसरून ते मानत की गर्भ दुधाला विरजण लागावे तसा हळूहळू गोठतो (ईयोबच्या दहाव्या अध्यायातही ही दुधाची उपमा आहे) आणि शरीर पुरेसे घडल्यावरच त्यात मानवी आत्मा येतो. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने मुलाला चाळीस दिवस आणि मुलीला त्याहून बरेच जास्त. मुलींनी एवढा उशीर का करावा, हे त्याला आमच्या बाईंनी विचारायला हवे होते. या मताचा आधार घेऊन गर्भाचा नाश करण्यास ख्रिस्तसभेने कधीही मुभा दिली नाही. आत्मा नेमका कोणत्या क्षणी येतो हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न १९७४ च्या घोषणापत्राने उघडपणे बाजूला ठेवला, आणि गर्भधारणेपासूनच त्याला व्यक्तीप्रमाणे मान द्यावा, असे १९८७ च्या 'दोनुम विते' या पत्रकाने शिकवले. हे सर्व मी परीक्षेत लिहिले होते. चांगले गुण मिळाले होते.

एक आकडा मात्र परीक्षेत नव्हता. १९८८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांची रोज तपासणी करण्यात आली. त्यांत १९८ गर्भधारणा आढळल्या, आणि त्यांतील २२ टक्के, नेहमीच्या पद्धतीने दिवस गेल्याचे निदान होण्यापूर्वीच संपल्या. रुजण्याआधीच हरवलेले तर या मोजणीत आलेच नाहीत. म्हणजे आपल्या प्रत्येक रांगेत, प्रत्येक बाकावर, कोणाच्या तरी आयुष्यातून असे कोणीतरी येऊन गेले आहे, आणि बहुतेकींना ते कळलेलेही नाही. यांचे देवापाशी काय होते? २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांविषयी लिहिताना लिंबोच्या जुन्या कल्पनेला चिकटून न राहता देवाच्या दयेवर आशा ठेवण्यास भक्कम आधार असल्याचे म्हटले. खात्री देत नाही, आशा देतो, असे तो आयोग प्रामाणिकपणे सांगतो. मीही २००२ साली एवढेच सांगितले असते तरी पुरले असते.

अलीकडे एक तरुण जोडपे माझ्याकडे आले होते. कृत्रिम गर्भधारणेच्या केंद्रातून मिळालेले छायाचित्र त्यांनी मोबाइलवर दाखवले. ख्रिस्तसभेला हा मार्ग का मान्य नाही ते मी त्यांना समजावले. ते माझे काम आहे. पण छायाचित्र पाहताक्षणी बाईंच्या फळ्यावरचे वर्तुळ मी ओळखले, आणि आवाज जरा खाली आला.

आणि मग संत लूक. गब्रिएल दूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया लगबगीने यहुदियाच्या डोंगराळ प्रदेशात अलिशिबेच्या भेटीस गेली. किती दिवस लागले ते सुवार्तेत नाही. पण नाझरेथहून तिथवर शंभराहून अधिक किलोमीटरची वाट, पायी चार-पाच दिवसांची. उंबरठ्यावर तिने अभिवादन केले आणि सहा महिन्यांच्या योहानाने आईच्या उदरात उडी मारली. ती कोणाला पाहून? त्या वेळी मरियेच्या उदरात जो होता तो फळ्यावरच्या वर्तुळाहून मोठा नसणार. अजून रुजलेलाही नसेल. तीस-एक वर्षे मी जपमाळेतील दुसरे आनंदाचे रहस्य म्हणत आलो आहे आणि हे दिवस मी कधी मोजले नव्हते.

बाईंनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. नोव्हेंबरमध्ये आपण मृतांच्या नावांची यादी लिफाफ्यात घालून चर्चमध्ये देतो. त्यांच्या यादीत सहा नावे असतात : सासू-सासरे, आई, वडील, एक दीर, एक मावशी. त्याखाली सातवा आकडा लिहून त्या पुढे जागा कोरी सोडतात. २००२ पासून. या धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू म्हणून मी परत आलो त्याला तीन वर्षे झाली. ती यादी मी दोनदा पाहिली होती, आणि नाव लिहायचे राहून गेले असेल असे समजून पुढे गेलो होतो. एकदा तर तो आकडा पेनाने खोडल्याचेही मला आठवते.

हे सर्व बाईंच्या परवानगीने लिहितो आहे. नाव घालू नका, असे त्यांनीच सांगितले.

यंदा दोन नोव्हेंबरच्या सायंकाळच्या मिस्साच्या वेळी पाऊस अवेळी आला होता आणि दफनभूमीत जाता आले नाही, म्हणून नावांचे वाचन चर्चमध्येच केले. लिफाफे नेहमीप्रमाणे ढीगभर. त्यांचा लिफाफा मधल्या गठ्ठ्यात होता. सहा नावे वाचली. सातव्या आकड्याशी थांबलो. गायकवृंदाला वाटले की मी चष्मा शोधतो आहे, आणि पेटीवाल्या मुलाने वर पाहिले. बाई डाव्या रांगेत, खांबाजवळ, यजमानांशेजारी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. थोड्या वेळाने मी पुढचा लिफाफा उघडला.